झेरॉक्स आमची, हलगर्जी कुणाची?

सायबर सुरक्षेवरच्या व्याख्यानांना सध्या चांगले दिवस आले आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ असो, सोसायटीची वार्षिक सभा असो की बँकेच्या शाखेतला जागृती सप्ताह, वक्ते बदलतात, भाषण तेच. ओटीपी सांगू नका. लिंक दाबू नका. आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका. पॅन जिवापाड जपा. आणि शेवटी, जरा सुस्कारा टाकून, निष्कर्ष: लोकच हलगर्जी आहेत, म्हणून चोरांचं फावतं. मध्यंतरी तर फोन लावला की पलीकडच्या माणसाआधी अमिताभ बच्चन हाच पाठ द्यायचे. जून 2025 मध्ये ती टेप बंद झाली आणि ज्यांना घाईने रुग्णवाहिका बोलवायची होती त्यांनी तरी सुटकेचा श्वास घेतला असेल.

यातली एकेक सूचना बरोबर आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि काही मंडळींच्या फार सोयीचा आहे.

आधी दोन गुन्ह्यांची गल्लत सोडवू. एकात चोर तुम्हाला फोन करतो, घाबरवतो किंवा भुलवतो, आणि तुमच्याच हातून तुमचे पैसे काढून नेतो. तिथे सावधगिरीचा उपदेश लागू पडतो. दुसऱ्यात चोर तुमच्याशी बोलतच नाही. तो तुमचं नाव, पॅन आणि जन्मतारीख घेऊन कर्ज देणाऱ्या एखाद्या कंपनीकडे जातो, तुमच्या नावाच्या कार्डावर स्वतःचा फोटो चिकटवतो, कर्ज उचलतो आणि नाहीसा होतो. किंवा तुमच्या नावावर सिम घेतो, जीएसटी नोंदणी काढतो, बँकेत खातं उघडतो. समजा, तुम्ही नाशिकमधल्या एका शाळेत शिक्षिका आहात. हे सगळं घडत असताना तुम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढत असता. तुम्हाला कळतं ते कित्येक महिन्यांनी, वसुलीवाल्याचा फोन आल्यावर, किंवा गृहकर्जाला गेल्यावर बँकेतल्या साहेबांनी ‘मॅडम, तुमचं सिबिल खराब आहे’ असं सांगितल्यावर. या व्यवहारात फसलं कोण? कंपनी. फसवलं कुणी? चोराने. तुम्ही तिथे हजरही नव्हता. तरी थकबाकी तुमच्या नावावर, खेटे तुमच्या वाट्याला, आणि वर प्रवचनही तुम्हालाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझा वाद या दुसऱ्या गुन्ह्यापुरता आहे. आपली ओळख कुणी वापरली तर काय करायचं आणि ते टाळायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर देताना सगळी जबाबदारी ज्याची ओळख वापरली गेली त्याच्यावर ढकलायची, या रीतीविरुद्ध.

‘पॅन जपा’ असं सांगणाऱ्यांनी एकदा हार्डवेअरच्या दुकानातली पावती हातात घेऊन पाहावी. वर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक छापलेला असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, जसाच्या तसा. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर तो त्या दुकानदाराचा स्वतःचा पॅन असतो, आयकराला आणि कर्जाला चालणारा. हा क्रमांक दुकानाच्या पाटीवर लावणं नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे सरकार जो क्रमांक रस्त्यावरून दिसेल असा लावायला सांगतं, तोच गुपित म्हणून जपायचा.

मार्च 2023 मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीने नेमकं हेच हेरलं होतं. महेंद्रसिंग धोनी, अभिषेक बच्चन, माधुरी दीक्षित, शिल्पा शेट्टी, इम्रान हाश्मी अशा मंडळींचे जीएसटी क्रमांक त्यांनी इंटरनेटवरून उचलले आणि त्यांतून पॅन वेगळे काढले. जन्मतारखा तर चाहत्यांनाही पाठ असतात. मग नाव नटाचं आणि फोटो टोळीतल्या माणसाचा अशी ओळखपत्रं तयार केली आणि पुण्याच्या एका फिनटेक कंपनीकडे क्रेडिट कार्डांसाठी अर्ज केले. व्हिडिओवरच्या पडताळणीत आर्थिक व्यवहारांचे प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं यांच्याकडे तयार होती, कारण त्या व्यक्तींचे क्रेडिट रिपोर्टच यांनी काढून ठेवले होते. कंपनीला साधारण 21 लाखांना गंडा बसला.

आता सांगा, माधुरी दीक्षितने कुठल्या दुकानात झेरॉक्स विसरली होती? धोनीने कोणती लिंक दाबली होती? अभिषेक बच्चनच्या नावाच्या पॅनवर भलत्याच माणसाचा फोटो होता. ज्याचा चेहरा या देशात चहाच्या टपरीवरचा पोऱ्यादेखील ओळखेल, त्याच्या जागी दुसरा चेहरा चालून गेला, तर नाशिकच्या बाईंचा चेहरा कोण पडताळणार होतं? त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी 2022 मध्ये, झटपट कर्ज देणाऱ्या एका ॲपवरून अनेकांच्या पॅनवर त्यांनी कधीच न घेतलेली कर्जं निघाल्याचा बभ्रा झाला. त्यात सनी लिओनीही होती. तिच्या नावावर दोन हजारांचं कर्ज सापडलं. तिने ट्विटरवर लिहिलं आणि नोंद दुरुस्त झाली. लाखो चाहते असण्याचा तेवढा फायदा. बाईंच्या मागे नववीचा वर्ग आहे.

आधारची कथा याहून रंजक. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुठल्याही संस्थेला देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. त्याऐवजी शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. परवाना नसलेली हॉटेलं आणि चित्रपटगृहं अशा प्रती घेऊ शकत नाहीत. लोक हादरले, कारण तोवर निम्म्या महाराष्ट्राच्या झेरॉक्स लॉजच्या काउंटरखालच्या खोक्यात जाऊन पडल्या होत्या. दोनच दिवसांत केंद्राच्या मंत्रालयाने ते पत्रक मागे घेतलं. गैरसमज होण्याची शक्यता आहे म्हणाले, आपली नेहमीची खबरदारी घ्या. नेहमीची म्हणजे कोणती, ते सांगायचं राहून गेलं. शाळाप्रवेशापासून भाडेकरारापर्यंत झेरॉक्स मागणं तसंच चालू राहिलं.

आणि बोटांचे ठसे? 2018 मध्ये तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात सिम विकणाऱ्या एकाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर असलेल्या जमिनीच्या दस्तांवरून लोकांचे अंगठे उतरवले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्यावर सिम चालू करत सुटला. विक्रीचं टार्गेट गाठायचं होतं म्हणे. ज्या शेतकऱ्याने सरकारी कार्यालयात, सरकारी कागदावर, सरकारी माणसासमोर अंगठा उठवला, त्याची हलगर्जी यात नेमकी कुठली?

तेव्हा खबरदारी घ्या, जरूर घ्या, पण ती किती पुरते ते ओळखून. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं. ते करून ठेवावं आणि गरज पडेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडावं. तिथेच गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे-कुठे तपासलं गेलं त्याची यादीही मिळते. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहावं: कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. त्याने चोर थांबत नाही. पण उद्या तीच प्रत कंपनीने पुरावा म्हणून पुढे केली, तर ती कुठून फुटली ते कळतं. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं आणि न घेतलेला नंबर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवता येतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून त्यावर कुठली नोंदणी आहे ते पाहता येतं, आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकात अनोळखी व्यवहार दिसतात. अर्ध्या तासाची कामं आहेत, वर्षातून दोनदा करावीत.

यानंतर खरा प्रश्न सुरू होतो. माहिती फुटली म्हणून आपोआप कर्ज पडत नाही. मधे एक दार आहे आणि त्याची राखण कर्ज देणाऱ्याकडे आहे. कंपन्यांचं यावरचं उत्तर ठरलेलं: पॅन आला, आधार आला, सेल्फी आली, ओटीपी जुळला, आम्ही आणखी काय करायचं? पण ओटीपी जुळला म्हणजे काय झालं? चोराने अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर भरला, त्या नंबरवर गेलेला ओटीपी चोरानेच टाकला. यातून एवढंच सिद्ध होतं की चोराचा फोन चोराकडे होता. रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश याबाबत संदिग्ध नाहीत: पडताळणीचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तरी अंतिम जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच.

ती जबाबदारी पाळायला पैसे लागतात. मूळ कागद पाहायचे, घरी माणूस पाठवायचा, नोकरीच्या ठिकाणी फोन करायचा तर दोन-चार दिवस जातात. ‘पाच मिनिटांत पैसे खात्यात’ ही जाहिरात त्या दोन-चार दिवसांच्या बचतीवर उभी आहे. वाचलेला खर्च कंपनीच्या नफ्यात जातो. त्या घाईत एखादा अर्ज खोटा निघाला तर बुडालेली रक्कम कंपनी व्याजदरात धरून ठेवते. बाईंचं नाकारलेलं गृहकर्ज, रजा टाकून मारलेले खेटे, नातेवाइकांना गेलेले वसुलीचे फोन हे मात्र कुठल्याच ताळेबंदात येत नाहीत. ज्याच्या चुकीची किंमत दुसरा भरतो, त्याला ती चूक सुधारायची घाई नसते. आणि मग तीच कंपनी आपल्या ॲपवर ‘सतर्क राहा’ अशी पट्टी फिरवते.

म्हणून आपल्या नावावर परकं कर्ज सापडलं की पहिला प्रश्न स्वतःला विचारू नये की माझं कुठे चुकलं. तो कंपनीला विचारावा, आणि असा विचारावा: कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात गेली?

या एका प्रश्नात बरंच काही दडलेलं आहे. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 रोजी डिजिटल कर्जांसाठी नियम घातले, त्यानुसार कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे; मधल्या कुणाच्या खात्यातून फिरवता येत नाही. एखादी वस्तू हप्त्यावर घेतली तर पैसे दुकानदाराला जातात, असे मोजके अपवाद आहेत. मग बाईंच्या नावावरचं कर्ज ज्या खात्यात गेलं ते बाईंचं नसेल, तर दोनच शक्यता उरतात. एक, कंपनीने नियम मोडून तिसऱ्याच्या खात्यात पैसे टाकले. दोन, कुठल्यातरी बँकेने बाईंच्या नावाने चोराला खातं उघडून दिलं. पहिल्यात कंपनी दोषी, दुसऱ्यात बँकही दोषी. दोन्हींत बाईंनी काय केलं, हा प्रश्नच येत नाही. वस्तू घेतली असेल तर ती कुठल्या दुकानातून उचलली आणि तिथे कोण उभं होतं, हे विचारावं. सोबत मागावं: अर्जाची प्रत, त्यातला फोटो, मोबाइल नंबर, ईमेल, अर्ज कोणत्या उपकरणावरून आला त्याची नोंद. हे तोंडी मागू नये. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्ट, दोन्ही. पोच जपून ठेवावी. ग्राहक सेवेच्या नंबरवरची पोरं गोड बोलतात, पण त्यांच्या बोलण्याचा कागद होत नाही.

त्याच दिवशी चारही पतमाहिती कंपन्यांकडून अहवाल काढावेत. लोक चौघींनाही ‘सिबिल’च म्हणतात, पण ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या वेगवेगळ्या आहेत, चोराचं कर्ज एकीकडे दिसेल, दुसरीकडे नसेल. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल प्रत्येकीने फुकट द्यायचा असतो. कधी काही झालं नसेल तरी दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढत राहिलं तर वर्षभर पाळत राहते, तीही खर्चाशिवाय. अहवालात कर्जांच्या यादीइतकंच लक्ष चौकश्यांच्या यादीकडे द्यावं. आपण कधीच न गेलेल्या कंपनीने आपली चौकशी केलेली दिसली, तर चोर दाराशी येऊन गेला आहे असं समजावं.

चुकीच्या नोंदीविरुद्ध पतमाहिती कंपनी आणि कर्ज देणारी कंपनी, दोघांकडे वाद नोंदवावा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. शंभर रुपये म्हणजे या मानसिक छळापुढे काहीच नाहीत, कबूल. तरी ते लेखी मागावेत. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. पतमाहिती कंपन्याही 2022 पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

आता पोलीस. 1930 हा नंबर जाता पैसा अडवण्यासाठी आहे. खात्यातून रक्कम गेली असेल तर वेळ न घालवता तिथे कळवावं, म्हणजे पुढच्या खात्यात ती गोठवता येण्याची आशा असते. बाईंच्या खात्यातून काहीच गेलेलं नाही. त्यांनी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करून ठाण्यात एफआयआर नोंदवायला जायचं. तिथे हमखास ऐकायला मिळतं: ‘मॅडम, तुमचं नुकसान कुठे झालंय? पैसे तर कंपनीचे गेलेत. कंपनीला येऊ दे.’ पाहा गंमत. ठाण्यात नुकसान कंपनीचं असतं, वसुलीच्या वेळी कर्ज तुमचं असतं.

याला उत्तर कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-क दुसऱ्याची ओळखचिन्हं अप्रामाणिकपणे वापरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. त्यासाठी पैसे कुणाचे गेले हा मुद्दाच लागत नाही. ओळख कुणाची वापरली एवढंच पाहायचं. गुन्हा दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्येच सांगून ठेवलंय. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचं कारणही पुढे करता येत नाही. ‘अर्ज ठेवून जा, बघतो’ म्हणजे एफआयआर नव्हे, आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हीदेखील एफआयआर नव्हे. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना लेखी, त्यानेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे. लांबचा रस्ता आहे हे खरं. पण एफआयआरची प्रत हातात असली की कंपनीचा सूर बदलतो.

‘पण लोक खरंच चुकतात की,’ असं कुणी म्हणेल. चुकतात. त्या चुकीचा हिशेब कसा करायचा याचा एक चांगला नमुना पुण्यातच आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या संचालकाने बनावट ईमेलला उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून 80 लाखांवर रक्कम गेली. प्रकरण राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे गेलं. या कायद्याखाली त्यांना न्यायनिर्णयाचे अधिकार असतात. राजेश अग्रवाल तेव्हा त्या पदावर होते. 2013 मध्ये त्यांनी निकाल दिला: ईमेलला उत्तर देऊन ग्राहक चुकला, म्हणून नुकसानीचा काही भाग त्याने सोसावा, पण ज्या खात्यांत पैसे गेले ती चोरांची खाती नीट न तपासता उघडून देणारी बँकही चुकली, म्हणून तिने 45 लाख द्यावेत. ग्राहकाची चूक मान्य करूनही दाराची राखण कुणाची हा प्रश्न सुटू दिला नाही. सायबर जागृतीच्या भाषणात हा निकाल कधी ऐकलाय? मी तरी नाही.

रिझर्व्ह बँकेनेही खात्यातून गेलेल्या पैशांपुरतं हे तत्त्व मान्य केलंय. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचा भार बँकेवर आहे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं दायित्व शून्य. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेची याचिका फेटाळून हेच ठसवलं. ग्राहकाने चोवीस तासांत कळवलं होतं, बँकेला 94 हजारांवर रक्कम परत करावी लागली. तेव्हा तत्त्व नवं नाही. प्रश्न आहे तो हा की खात्यातून पैसे गेले तर सिद्धतेचा भार बँकेवर, मग नावावर कर्ज पडलं तर तो भार नागरिकावर का? न घेतलेलं कर्ज घेतलं नाही हे सिद्ध करायचं कसं? जी गोष्ट घडलीच नाही तिचा पुरावा कुठून आणायचा? घेतलं असं म्हणणाऱ्याने ते दाखवावं. वाद नोंदवल्या दिवसापासून ती नोंद अहवालात झाकली जावी आणि कंपनीने ठोस पुरावा दिला तरच पुन्हा उघडावी, एवढा नियम झाला तरी निम्मे खेटे वाचतील.

हे जगावेगळं मागणं नाही. न्यू जर्सीतल्या किंवा डॅलसमधल्या मराठी घरात विचारा. अमेरिकेत सप्टेंबर 2018 पासून आपला क्रेडिट रिपोर्ट गोठवून ठेवणं कायद्यानेच फुकट आहे. फोनवर किंवा ऑनलाइन सांगितलं की एका कामकाजाच्या दिवसात गोठतो आणि हवा तेव्हा तासाभरात उघडतो. गोठलेल्या अहवालावर नवं कर्ज काढायला गेलेल्या चोराला कंपनी दारातूनच परत पाठवते. ओळख चोरली गेल्याची रीतसर नोंद दिली की ती खोटी कर्जं चार कामकाजाच्या दिवसांत अहवालातून झाकावी लागतात. फुकट गोठवू देण्याचं शहाणपण तिथेही सहज आलं नाही. इक्विफॅक्सकडून 2017 मध्ये 14 कोटींवर लोकांची माहिती फुटली, तेव्हा आलं. तीच इक्विफॅक्स आपल्याकडेही आपली माहिती बाळगून आहे. गोठवण्याचा असा कायदेशीर हक्क मात्र आपल्याला नाही.

आपल्याकडे त्याऐवजी काय आलं? 2023 चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. माहिती नीट न जपणाऱ्या कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड. टाळ्या वाजवण्याआधी पुढचं वाचा: हा दंड सरकारच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपया मिळत नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 43-अ हे कलम, ज्याच्याखाली हलगर्जी कंपनीकडून भरपाई मागता येत होती, ते याच कायद्याने गळणार आहे. आणि हाच कायदा नागरिकावर कर्तव्यं लादतो. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर दहा हजारांपर्यंत दंड. चोरी ज्याच्या नावावर झाली त्याला भरपाई शून्य, पण तक्रार क्षुल्लक ठरली तर दंड त्यालाच. व्याख्यात्यांच्या मनातली हलगर्जी जनता या कायद्याच्या मसुद्यातही बसलेली दिसते.

कर्ज देणाऱ्यांचा शेवटचा आणि सर्वांत भावनिक युक्तिवाद असा: पडताळणी कडक केली तर फळविक्रेत्याला, रिक्षावाल्याला, ज्याला बँक उभी करत नाही त्याला, कर्ज मिळणार नाही. गरिबांचा हा कळवळा ऐकून डोळे पाणावतात. पण ज्यांच्या नावावर बनावट कंपन्या निघतात आणि जीएसटीच्या लाखोंच्या नोटिसा येतात ते कोण असतात? मजूर, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया. कुठल्या योजनेच्या शिबिरात दिलेली झेरॉक्स कुठे पोचली हे त्यांना कळतही नाही, आणि वकिलाची पहिली फी देण्याइतके पैसे त्यांच्याकडे नसतात. पडताळणी म्हणजे सात-बारा आणि जामीनदार मागणं नव्हे. पतमाहिती कंपनीच्या नोंदीत आधीपासून असलेल्या जुन्या नंबरवर एक संदेश पाठवून एक दिवस वाट पाहणं, एवढ्यानेही बरेच चोर गळतील. रिझर्व्ह बँकेने कुणी आपला अहवाल पाहिला तर संदेश पाठवायला सांगितलंच आहे. तो कर्ज दिल्यावर कळण्याऐवजी देण्याआधी थांबण्यासाठी वापरायला काय हरकत आहे? ज्याला खरंच पैसे हवेत तो रिक्षावाला एक दिवस थांबेल. थांबणार नाही तो चोर, आणि तिमाहीचा आकडा गाठायला बसलेला विक्री विभाग.

तोवर नाशिकच्या बाईंना एक फोन येणार, हे नक्की. चार महिन्यांचे खेटे, तीन ईमेल, एक एफआयआर, आणि मग वसुलीवाला अगदी घरच्या माणसाच्या आवाजात सांगणार: ‘मॅडम, कशाला एवढा त्रास? पंधराशे भरून टाका, आपण मिटवून टाकू.’ घरचेही म्हणणार, भरून टाक आणि मोकळी हो. भरू नये. भरलं की हे कर्ज तुम्हीच मान्य केलं असं कंपनी म्हणू शकते, आणि अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, जो पुढची प्रत्येक बँक ‘या बाईंनी पूर्ण पैसे फेडले नाहीत’ असाच वाचते. त्या माणसाला एकच सांगावं, की रक्कम ज्या खात्यात गेली ते कुणाचं, हे आधी लेखी कळवा. आणि त्याचा फोन सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर आला असेल तर वेळ टिपून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्याची वेगळी तक्रार होते.